लेकराची टाळू, बाजेवरून पडणं आणि नवऱ्याचं हेल्मेट

वाचकाचं पत्र

ताई, माझी लेक पाच महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात मी दूध उतरवायला उठले आणि ती बाजेवरून खाली पडली. लगेच रडली. कपाळावर टेंगूळ आलं, रक्त आलं नाही. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, टेंगूळही उतरलं, ती नीट पिते, खेळते. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. तिची टाळू अजून भरलेली नाही, हात ठेवला की धडधडते. सासूबाई म्हणतात, टाळू उघडी आहे, मेंदूला वारं लागेल. म्हणून त्या दिवसातून दोनदा पळीभर तेल टाळूवर जिरवतात. आठवडी बाजारातून आणलेलं काजळ डोळ्यांत घालतात. आणि हे रोज जिंतूरहून परभणीला मोटारसायकलवर जातात, पण हेल्मेट घालत नाहीत. मी बोलले की म्हणतात, देवानं मेंदूला आधीच हाडाची पेटी दिली, त्यात पाणी भरलं, आता वरून आणखी ओझं कशाला? मी बारावीपर्यंत शिकले आहे, पण ह्यांना उत्तर देता येत नाही. लेकरू खरंच ठीक आहे ना? आणि ह्यांना काय सांगू?

— जिंतूर तालुक्यातील एक वाचक

नमस्कार.

तुमची लेक पडली त्याला आठवडा होऊन गेला. ती लगेच रडली, अंगावर पिते आहे, खेळते आहे, टेंगूळ उतरलं. एवढ्यावरून मी तुम्हाला सांगते, त्या पडण्याची भीती आता मनातून काढून टाका. आणि दूध उतरवायला उठलात म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. पाच महिन्यांचं लेकरू नेमकं याच सुमाराला पालथं पडायला शिकतं, आणि कालपर्यंत जागचं न हललेलं लेकरू आज कडेला गेलेलं असतं. घरोघरी हे घडतं. यापुढे तिला एकटीला ठेवायची वेळ आली तर खाली सतरंजीवर ठेवा, बाजेवर नको. मोठं माणूस पडताना हात पुढे टाकतं, आणि डोक्याला मिळालेलं ते पहिलं संरक्षण असतं. लेकरात ही हात पुढे टाकण्याची सवय सातव्या ते नवव्या महिन्याच्या आसपास येते. तुमच्या लेकीला ती अजून आलेली नाही. शिवाय या वयात अंगाच्या मानाने डोकं मोठं आणि जड असतं, म्हणून ती पडली की डोक्यावरच पडणार.

तरी तिला काही झालं नाही, कारण बाज जेमतेम दीड फूट उंच. तेवढ्या उंचीवरून पडताना जमिनीला टेकेपर्यंत वेग होतो ताशी दहा-अकरा किलोमीटर. एवढा मार सोसायची तयारी शरीराने करून ठेवलेली आहे. डोक्याची कातडी नुसती कातडी नसते, तिचे पाच थर असतात. त्यांतला एक सैल असतो, त्यामुळे मार बसला की वरची कातडी हाडावरून थोडी सरकते आणि धक्क्याचा काही भाग तिथेच जिरतो. त्याच्या वर, कातडीच्या लगेच खाली, रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. एखादी फुटली की रक्त साचून टेंगूळ येतं. हे रक्त कवटीच्या बाहेर असतं, मेंदूजवळ नसतं. आपल्याकडे टेंगूळ दिसलं की घर हादरतं, आणि टेंगूळ न येता लेकरू सुस्तावलं तर मात्र 'झोपू द्या, दमलंय' म्हणतात. खरी काळजी या दुसऱ्या लेकराची करायची असते.

पुढे कधी पुन्हा असं झालं तर काय बघायचं ते सांगते. कपाळावरचं कडक टेंगूळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे आलेलं मऊ, पिलपिलीत टेंगूळ मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लेकराने पुन्हा पुन्हा उलटी केली, अंगावर ओढेनासं झालं, उठवूनही नीट जागं होईना, झटका आला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर एक मिनिटही न थांबता 108 ला फोन करायचा. तीन फुटांवरून किंवा त्याहून उंचावरून पडलेल्या दोन वर्षांच्या आतल्या लेकराला लक्षण नसलं तरी दाखवायचं. पहिला दिवस-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं ते एवढ्यासाठी की कवटीच्या आतलं रक्त कधीकधी हळूहळू साचतं. पडल्यावर माणूस चांगलं बोलतं-चालतं, आणि काही तासांनी एकदम ढासळतं. झोपू द्यायचं नाही असं मात्र नाही. झोपू द्या, अधूनमधून हलवून जागं होतं का एवढं पाहा.

घरात सासरे किंवा आजेसासरे असतील तर त्यांच्यासाठी हा दोन दिवसांचा हिशोब लावू नका. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि वरच्या आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि न्हाणीत पाय घसरून बसलेल्या किरकोळ मारानेही त्यातली एखादी झिरपू लागते. लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी येतात. चाल बिघडते, बोलणं अडखळतं, माणूस विसरभोळा होतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. दारू पिणाऱ्यांचं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांचंही असंच. म्हातारं माणूस पडलं तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता टाळू. टाळूवर तुम्ही हात ठेवता तेव्हा मधे काहीच नाही, थेट मेंदूच आहे, असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. हाड तेवढं नाही. कातडी आहे, तिच्याखाली चिवट पडदा आहे, त्याखाली मेंदूचं सगळ्यांत बाहेरचं आवरण आहे, आणि तेही चामड्यासारखं मजबूत आहे. मग आणखी दोन पातळ आवरणं, त्यांच्यात पाणी, आणि मग मेंदू. हलक्या हाताने नहाण्याने, तेलाने, फुंकरीने, वाऱ्याने आत काही पोचत नाही. धडधड म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांचे ठोके. हाडावर ते जाणवले नसते, इथे हाड नाही म्हणून हाताला लागतात.

आणि ही जागा उघडी राहिली आहे ती उणीव म्हणून नाही. बाळ जन्माला येताना कवटीची हाडं एकमेकांवर किंचित सरकतात म्हणून डोकं अरुंद वाटेतून बाहेर येतं. नंतर पहिल्या वर्षात मेंदू इतक्या झपाट्याने वाढतो की हाडं जुळलेली असती तर त्याला जागाच उरली नसती. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते. समोरची साधारण बारा ते अठरा महिन्यांत, काहींची दोन वर्षांपर्यंत. पाच महिन्यांच्या लेकराची भरली नाही यात काळजीचं काही नाही. ती तेलाने भरत नाही, हाड वाढून भरते.

म्हणून सासूबाईंचं तेल बंद करा असं मी म्हणणार नाही. थोडं खोबरेल हलक्या हाताने लावलं तर काहीच बिघडत नाही. आजीचा हात लेकराच्या डोक्यावरून फिरतो यात लेकराचं सुख आहे, ते मोडू नका. पळीभर मात्र नको. तपासायला येणाऱ्या कितीतरी लेकरांच्या टाळूवर मला पिवळट, चिकट खपल्यांचा जाड थर दिसतो, त्यात धूळ बसलेली, वर काजळाचा टिळा, आणि आया ती खपली काढायला घाबरतात कारण 'टाळूला धक्का लागेल'. लागत नाही. तेल लावून मऊ करा, तासाभराने कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसून काढा. तेल नाकात आणि कानात सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

टाळूकडे बघायची सवय मात्र चांगली आहे, कारण ती शरीराच्या आतलं सांगते. लेकरू शांत आहे, कडेवर उभं धरलं आहे, रडत नाही, आणि तरीही टाळू वर फुगलेली, ताठ लागते, सोबत ताप, उलटी, किंवा लेकरू मरगळलेलं, तर तो मेंदूच्या आवरणांना झालेला संसर्ग असू शकतो. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. रडताना टाळू वर येते, ते वेगळं, रडं थांबलं की ती खाली बसते. उलट टाळू खोल गेली, तोंड सुकलं, लघवी कमी झाली, डोळे आत गेले, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं. परभणीचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. जुलाब-उलटी होत असेल तर हे काही तासांत होतं. अशा वेळी शेजारीण म्हणेल, टाळू पडली आहे, अमुक बाई तोंडात बोट घालून वर उचलून देते. तिकडे नेऊ नका. त्या बोटाने घशात जखम होते, संसर्ग होतो, आणि पाणी भरून काढायचे मोलाचे तास वाया जातात. लेकराला अंगावर पाजत राहा, जलसंजीवनी डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तशी चमच्याने द्या, आणि दवाखान्यात न्या. तब्येत चांगली असताना सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईचं दूध पुरतं.

काजळाबद्दल मी कडक बोलणार आहे. मेंदूच्या रक्षणाची सगळ्यांत मोठी यंत्रणा हाडात नाही, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे. 1885 मध्ये पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. पुढे कळलं की इतर अवयवांतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातले बहुतेक जंतू आणि विषारी पदार्थ बाहेरच अडतात. साखर आणि प्राणवायू आत जातात, कारण मेंदूला ते हवेच असतात. वजनाने मेंदू शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू वीस टक्के एकटा वापरतो. या भिंतीतून दारू आत जाते, तंबाखूतलं निकोटीन जातं, अफू जाते. आणि शिसंही जातं. बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. मोठ्या माणसापेक्षा लेकराच्या पोटातून शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि लेकरू डोळे चोळून तोच हात तोंडात घालतं. शिशाने वाढत्या मेंदूचं होणारं नुकसान नंतर भरून निघत नाही. तेव्हा डोळ्यांतलं काजळ आजपासून बंद. सासूबाईंना नजरेची काळजी असेल तर तळपायाला तीट लावू द्या, घरच्या दिव्याच्या काजळीची. लेकराला झोप यावी म्हणून कुणी गुटीत काही मिसळून देत असेल तर तेही बंद.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो त्यांना वाचून दाखवा, कारण त्यांचं अर्धं म्हणणं अगदी खरं आहे.

हाडाची पेटी आहे. मेंदूभोवतीची आठ हाडं एकमेकांत दातेरी कडांनी गुंतलेली असतात, आणि प्रत्येक हाडाचे दोन कठीण पापुद्रे नि मधे सच्छिद्र थर असतो, म्हणून ती हलकी असूनही भक्कम असते. पाणीही आहे, मोठ्या माणसात साधारण 150 मिलिलीटर. ते दिवसाला 500 मिलिलीटरच्या आसपास नव्याने तयार होतं, म्हणजे तीन-चार वेळा बदललं जातं. आडात सोडलेली घागर पाण्यात असेपर्यंत हाताला हलकी लागते, पाण्याबाहेर आली की दोर हाताला काचतो. मेंदूचं तसंच आहे. 1,400 ग्रॅमचा मेंदू त्या पाण्यात तरंगतो तेव्हा त्याचं वजन जेमतेम 50 ग्रॅमएवढं भासतं. तसं नसतं तर स्वतःच्याच भाराने तो खालच्या हाडावर दाबला गेला असता. हे इतकं नीट रचलेलं आहे की शरीरशास्त्र शिकवताना आजही मी या ठिकाणी थोडी थांबते.

पण ही रचना पायी चालणाऱ्या, पळणाऱ्या, झाडावरून घसरणाऱ्या माणसासाठी झालेली आहे. उभा माणूस कोसळला तर डोकं जमिनीला लागतं तेव्हा वेग असतो ताशी सुमारे 20 किलोमीटर. मोटारसायकल 60 ने जाते. वेग तिप्पट झाला की आदळण्याचा जोर तिप्पट होत नाही, नऊपट होतो. 60 च्या वेगाने डोकं सरळ दगडावर आदळणं म्हणजे चौदा मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून, डोक्यावर पडणं. एवढ्या जोरापुढे दीडशे मिलिलीटर पाणी पुरत नाही. डोकं जागच्या जागी थांबतं, मेंदू थांबत नाही. तो पुढच्या हाडावर आपटतो, मग मागच्या. कवटीचा तळ आतून गुळगुळीत नसतो, तिथे हाडाचे कंगोरे आहेत. कपाळामागचा आणि कानाजवळचा मेंदू त्यांच्यावर घासला जातो. डोकं गर्रकन फिरलं तर मेंदूतले बारीक तंतू ताणून तुटतात. बाहेर जखम दिसत नाही, कधी सीटी स्कॅनमध्येही फारसं दिसत नाही. असा माणूस जगतो, पण घरी आल्यावर लहानसहान गोष्टीवर भडकतो, हिशोब जमत नाही, बायकोचं नाव आठवतं पण सकाळी काय ठरलं ते आठवत नाही. हे भोगणारी घरं मराठवाड्यात थोडी नाहीत.

आणि पेटीचा एक दोष आहे. ती बंद आहे. तुमच्या लेकीच्या कवटीत सूज आली तर हाडं थोडी सरकून जागा करतात. तिच्या बापाच्या कवटीला ती सोय उरलेली नाही. कानशिलाजवळचं हाड सगळ्यांत पातळ, आणि नेमकी त्याच्या आतल्या बाजूला एक मोठी धमनी चिकटून जाते. तिथलं हाड तडकलं आणि धमनी फाटली तर साचलेलं रक्त 30 मिलिलीटरच्या वर गेलं, म्हणजे चहाचे सहा चमचे, की शस्त्रक्रिया करावी लागते. ती शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर प्रत्येक तालुक्याला नाहीत. जिंतूरहून नांदेडचं विष्णुपुरीचं रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी किती लांब आहे आणि त्या रस्त्याला किती वेळ जातो, हे त्यांना माहीत आहे.

शरीराकडे जे नाही ते हेल्मेट देतं. बाहेरची टणक टरफल मार एका जागी न ठेवता पसरवते, आणि आतला जाड थर्माकोल चेपला जाऊन डोक्याला थांबायला थोडा अवधी मिळवून देतो. देशोदेशींच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा हेल्मेटने मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. ते ज्याला ओझं म्हणतात त्याचं वजन सव्वा-दीड किलो असतं.

उन्हात डोकं तापतं हे ते म्हणतीलच, आणि तेही खोटं नाही. हवा खेळायला भोकं असलेलं, फिक्या रंगाचं हेल्मेट घ्या. आत पातळ सुती टोपी चालते. उपरणं गुंडाळून वर हेल्मेट नको, ते सैल बसतं. शक्य असेल तेव्हा दुपार टाळा, थांबाल तिथे काढून पाणी प्या. आयएसआय खूण बघून घ्या, नुसती अर्धी टोपी नको. हनुवटीखाली पट्टा लावल्यावर दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवायचा, आणि तो लावायचाच, कारण न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पडतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

तुम्ही मागे बसत असाल तर तुम्हालाही हवं, कायदाही तेच सांगतो. आणि लेकीला मांडीवर घेऊन माहेरी जायचं असेल तर एसटीने जा. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी सरकारने 2022 मध्ये नियम केला: हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधायचा सुरक्षा पट्टा आणि 40 च्या आत वेग. नऊ महिन्यांच्या आतल्या लेकराच्या मानेला हेल्मेटचा भारही पेलत नाही, म्हणून तिच्यासाठी मोटारसायकलवर सुरक्षित जागाच नाही.

लसीचं कार्ड एकदा काढून बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटा लसीत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका जंतूवरचा भाग असतो, आणि न्यूमोकोकसची लस दुसऱ्या एका जंतूपासून वाचवते. एखादा डोस राहिला असेल तर या आठवड्यात आशाताईंना गाठा, राहिलेला डोस आताही देता येतो. पुढची खेप नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाची. गोवर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, ती चुकवू नका. तिथे नर्सताईंना फीत लावून लेकीच्या डोक्याचा घेर मोजायला सांगा आणि तो आकडा कार्डावर लिहून घ्या.